अँजिओच्या रिपोर्टात 'कोलॅटरल्स' लिहून आलंय, आता काय करायचं?

आमच्या आण्णांची अँजिओ झाली तेव्हा डॉक्टरांनी कॅथलॅबच्या दारातच दोन वाक्यं सांगितली. उजवी नळी १०० टक्के बंद आहे, आणि कोलॅटरल्स चांगल्या आल्यात म्हणून हार्टचं पंपिंग ५५ आहे. आत्याने पहिलं वाक्य ऐकलं आणि रडायला लागली, काकांनी दुसरं ऐकलं आणि गावाकडे फोन लावला की देवाने आतल्या आत बायपास करून ठेवलाय, आता काही करायची गरज नाही. दोघंही चुकत होते हे कळायला मला पुढचे तीन महिने लागले. मी डॉक्टर नाहीये, फाईल काखेत मारून दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसलेला मुलगा आहे, पण तेवढ्यात जे विचारलं, वाचलं आणि समजून घेतलं ते इथे लिहितोय. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे, फक्त त्यांच्यासमोर बसल्यावर कुठले प्रश्न विचारायचे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आधी ही भानगड काय आहे ते बघू. हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त देणाऱ्या मोठ्या नळ्या मोजून तीन, डाव्या बाजूला एलएडी आणि सर्कमफ्लेक्स, उजव्या बाजूला आरसीए. या तिघींच्या फांद्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्या बऱ्याच जणांच्या हृदयात जन्मापासूनच असतात, त्याच कोलॅटरल्स. एरवी दोन्ही टोकांना प्रेशर सारखंच असतं म्हणून त्यातून फार रक्त वाहत नाही. एक मोठी नळी चोंदत गेली की तिच्या पुढच्या भागातलं प्रेशर पडतं, मग शेजारच्या नळीतून या बारीक जोडणीतून रक्त तिकडे ओढलं जातं, त्या वाढलेल्या प्रवाहाचं घर्षण आतल्या अस्तराला जाणवतं, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि ती केसाएवढी नळी हळूहळू रुंद आणि जाड भिंतीची होत जाते. हे एका रात्रीत होत नाही, आठवडे-महिने लागतात.

आण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे आपला पाट बुजला आन शेजाऱ्याच्या बांधावरनं चारी काढून पानी आलंय, आसंच ना?" अगदी असंच. आणि वर त्यांनीच भर घातली की चारीच्या पाण्यावर ऊस वाळत नाही, पण उन्हाळ्यात पुरत पण नाही. मी नंतर जेवढं वाचलं त्याचा अर्धा अर्क या एका वाक्यात आहे.

इथेच अजून एक कोडं सुटतं. पंचेचाळिशीतला धडधाकट माणूस अचानक जातो आणि पूर्ण बंद नळी घेऊन सत्तरीतला म्हातारा शेतात फिरतो, असं कसं? तर त्या तरुणाच्या नळीत बऱ्याचदा चाळीस-पन्नास टक्क्यांचाच ब्लॉक असतो, तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि नळी काही मिनिटांत बंद पडते, चारी काढायला वेळच मिळत नाही. म्हाताऱ्याची नळी वर्षानुवर्षं थोडी थोडी बुजत आलेली असते. म्हणून "बाबांना १०० टक्के होता तरी काही झालं नाही, मला तर ४० च आहे" असा हिशोब घरात कोणी मांडत असेल तर त्याला थांबवा.

रिपोर्ट कसा वाचायचा

अँजिओच्या रिपोर्टात प्रत्येक नळीपुढे एकेक ओळ असते. तुमच्या ओळीत टोटल ऑक्लूजन किंवा सीटीओ असं लिहिलंय का बघा. सीटीओ म्हणजे जुना, निदान ३ महिने पूर्ण बंद असलेला ब्लॉक. त्यापुढे बहुतेक "डिस्टल व्हेसल फिल्स व्हाया कोलॅटरल्स फ्रॉम एलएडी" असं काहीतरी असतं, म्हणजे बंद जागेच्या पलीकडची नळी एलएडीकडून आलेल्या रक्ताने भरतेय. कधी कधी रेंट्रॉप ग्रेड लिहिलेली असते, ही १९८५ पासून वापरात असलेली मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही, १ म्हणजे फक्त बाजूच्या फांद्या भरतात, २ म्हणजे मुख्य नळी अर्धवट भरते आणि ३ म्हणजे पूर्ण भरते. आण्णांची ३ होती. काका खूश, जणू दहावीला डिस्टिंक्शन मिळालं!

पण ही ग्रेड डोळ्यांनी बघून दिलेली असते हे लक्षात ठेवा. डाय टाकल्यावर नळी पडद्यावर किती काळी दिसली एवढंच ती सांगते, त्यातून स्नायूला प्रत्यक्षात किती रक्त पोचतंय ते सांगत नाही, फार बारीक जोडण्या तर अँजिओत दिसतच नाहीत. नीट मोजायचं तर नळीत प्रेशर वायर टाकून मोजतात, त्या आकड्याला कोलॅटरल फ्लो इंडेक्स म्हणतात, आणि तो ०.२५ च्या वर असला म्हणजे साधारण चौथा हिस्सा पुरवठा आडवाटेने होत असला तर मिनिटभर नळी फुग्याने बंद केली तरी ईसीजी सहसा बदलत नाही. हा चौथा हिस्सा बसलेल्या माणसाचा आहे बरं का, जिना चढणाऱ्याचा नाही! आपल्याकडे रोजच्या कामात ही तपासणी कोणी करत नाही, सगळा अभ्यासाचा मामला, त्यामुळे ती मागत बसू नका. अँजिओची सीडी किंवा पेनड्राईव्ह मात्र मागून घ्याच, कागद नाही, पिक्चर. दुसऱ्या डॉक्टरला त्या कागदाचा फार उपयोग नसतो. आमच्या पहिल्या हॉस्पिटलने सीडी देतो देतो म्हणून दोन हेलपाटे मारायला लावले आणि शेवटी दिली ती रिकामी निघाली, म्हणून काउंटरवरच कॉम्प्युटरला लावून बघा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पाणी कोणाच्या पाटातून येतंय?

हा प्रश्न आम्हाला तिसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळला, पहिल्या दोघांना विचारायचं सुचलंच नव्हतं. कोलॅटरल ज्या नळीतून निघते तिला दाता नळी म्हणू. आण्णांच्या उजव्या नळीला रक्त एलएडीकडून येत होतं आणि एलएडीत स्वतःचाच ६० टक्के ब्लॉक होता. आता विचार करा, ती एलएडी फक्त आपला भाग सांभाळत नाहीये, शेजाऱ्याचंही शेत भिजवतेय. तिथे उद्या गुठळी झाली तर एकदम दोन भागांचं पाणी तुटणार. म्हणून रिपोर्टात बंद नळीकडे सगळे बघतात पण नजर दाता नळीकडे पाहिजे. डॉक्टरांना सरळ विचारा, "कोलॅटरल्स कुठून येतात, आणि त्या नळीची तब्येत कशी आहे?" मधलाअधला ब्लॉक असेल तर तिथे प्रेशर वायरने एफएफआर, म्हणजे अलीकडच्या प्रेशरमधलं किती ब्लॉकच्या पलीकडे पोचतं ते मोजायची तपासणी, करायचं का तेही विचारा. आमच्याकडे केलं, ०.८५ आलं, ०.८० च्या वर असेल तर सहसा स्टेंट लागत नाही, त्यामुळे ती नळी तूर्त राहू दिली. एक बारकावा तिथेच कळला, दाता नळीवर दोन शेतांचा भार असतो म्हणून तिचा एफएफआर खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो, म्हणजे आकडा काठावर असेल तर घाईने स्टेंट टाकून घेऊ नका, डॉक्टरांशी बोला.

पंपिंगचा आकडा आणि झोपलेला स्नायू

टूडी इकोमध्ये एलव्हीईएफ म्हणून आकडा येतो, साधारण ५५ ते ७० नॉर्मल धरतात, ४० च्या खाली आला की पंप चांगलाच कमजोर. आपल्या लोकांना वाटतं ६० म्हणजे १०० पैकी ६० मार्क, तसं नाहीये, हृदय भरल्यावर एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो हा आकडा, १०० कोणाचाच नसतो. त्याखाली आरडब्ल्यूएमए लिहिलंय का बघा, म्हणजे भिंतीचा एखादा भाग बाकीच्यांपेक्षा कमी हलतोय.

कोलॅटरल चांगली असेल तर नळी पूर्ण बंद असूनही भिंत नॉर्मल हलू शकते, आण्णांचं तसंच होतं. दुसऱ्या टोकाला पाणी मिळालंच नाही तर स्नायू मरतो आणि त्याचा चट्टा होतो, इकोत ती भिंत पातळ आणि निश्चल दिसते. या दोन्हीच्या मध्ये तिसरी अवस्था असते, स्नायू जिवंत आहे पण पुरवठा अपुरा म्हणून काम बंद ठेवून पडून राहिलाय, त्याला डॉक्टर हायबरनेटिंग म्हणतात. इकोत मेलेला आणि झोपलेला दोन्ही सारखेच गप्प दिसू शकतात, म्हणून ईएफ कमी असेल तर व्हायेबिलिटी टेस्टबद्दल, म्हणजे स्नायू जिवंत आहे का ते बघणाऱ्या तपासणीबद्दल विचारा, पेट स्कॅन, थॅलियम, कार्डियाक एमआरआय किंवा डोब्युटामिन इको यातली शहरात जी होत असेल आणि खिशाला झेपेल ती.

फक्त एक आशा जरा आवरती ठेवा, की झोपलेला स्नायू सापडला म्हणजे स्टेंट टाकला की उठलाच. ईएफ ३५ किंवा त्याखाली असलेल्या ७०० पेशंटवर ब्रिटनमध्ये रिव्हाइव्हड नावाची ट्रायल झाली, २०२२ ला निकाल आला, व्हायेबल स्नायू असूनही स्टेंटवाल्यांना नुसत्या चांगल्या गोळ्यांपेक्षा मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं यात फायदा दिसला नाही. बायपासचं जरा वेगळं आहे, स्टिच ट्रायलमध्ये अशाच कमजोर हृदयाच्या १२१२ पेशंटना १० वर्षं बघितलं तेव्हा बायपासवाले थोडे जास्त जगले, गेलेल्यांचं प्रमाण साधारण ५९ टक्के विरुद्ध ६६ टक्के. म्हणजे पंप कमजोर आणि नळ्या दोन-तीन खराब असतील तर बायपासचं नाव ऐकून पळू नका, सर्जनचं मत घ्या.

मग बंद नळी उघडायची का नाही?

काकांचं म्हणणं होतं कोलॅटरल आहे मग कशाला हात लावायचा. याला अर्धं उत्तर २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात आहे, सीटीओ असलेल्या ५० जणांमध्ये बंद जागेच्या पलीकडे प्रेशर मोजलं, तर कोलॅटरल कितीही चांगली दिसत असली तरी एफएफआर सगळ्यांचा ०.८० च्या खाली. म्हणजे चारीचं पाणी भर उन्हात कुणालाच पुरत नव्हतं. आण्णांचं बरोबर निघालं.

पण पुरत नाही म्हणून लगेच उघडाच, असंही नाही. युरो-सीटीओ ट्रायलमध्ये १२ महिन्यांनी नळी उघडलेल्यांचं छातीतलं दुखणं गोळ्यांवर ठेवलेल्यांपेक्षा जास्त कमी झालं होतं, डिसिजन-सीटीओमध्ये मात्र मृत्यू, अटॅक वगैरेत फरक दिसला नाही. याचा घरगुती अर्थ असा की त्रास असेल आणि गोळ्या नीट घेऊनही जात नसेल तर उघडायला कारण आहे, त्रासच नसेल तर फक्त "१०० टक्के" या आकड्याला घाबरून टेबलावर जायचं कारण नाही. त्रास आहे का नाही हे मात्र प्रामाणिकपणे बघा, आण्णा म्हणायचे मला काही होत नाही, आणि आईने सांगितलं की वर्षभर हे देवळाची पायरी चढतच नाहीत, खालूनच हात जोडतात. माणूस हळूहळू हालचाल कमी करत नेतो आणि म्हणतो त्रास नाही, म्हणून टीएमटी (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती) किंवा स्ट्रेस थॅलियम (हृदयावर ताण देऊन स्नायूला रक्त किती पोचतं ते बघणारा स्कॅन) करून घ्या, मशीनला भीड पडत नाही. (टीएमटी आधीच नको म्हणाले असतील तर हट्ट करू नका, त्याला कारण असतं.)

उघडायचं ठरलंच तर सीटीओ नेहमी करणारा डॉक्टर शोधा, ही साधी अँजिओप्लास्टी नाही, दोन-तीन तास लागू शकतात. गंमत म्हणजे समोरून तार गेली नाही तर याच कोलॅटरलमधून उलट्या बाजूने तार घालून ब्लॉक मागून फोडतात, रेट्रोग्रेड म्हणतात त्याला, जपानी डॉक्टरांनी ही पद्धत बरीच पुढे नेली. वर्षाला अशा किती केसेस करता हे विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर रागवत नाही.

कोलॅटरल्स वाढवता येतात का?

थोड्या, हो. जर्मनीत ६० पेशंटवर एक्साइट नावाची ट्रायल झाली, ४ आठवडे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचा कोलॅटरल फ्लो साधारण ४० टक्क्यांनी वाढला, जोरात करणाऱ्यांचा आणि मध्यम करणाऱ्यांचा जवळपास सारखाच, काहीच न करणाऱ्यांचा वाढला नाही. अभ्यास लहान आहे पण दिशा जुनीच आहे. छातीच्या या दुखण्याला अँजायना हे नाव देणारे लंडनचे विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच एका पेशंटबद्दल नोंदवलंय की तो रोज अर्धा तास लाकडं कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. तुम्ही लाकडं कापू नका, चाला.

चालायचं कसं ते आमच्या रिहॅबवाल्या मॅडमनी सांगितलेलं सांगतो. आधी टीएमटी करून डॉक्टरांकडून पल्सची मर्यादा लिहून घ्यायची, ज्या पल्सला दुखणं किंवा ईसीजीत बदल सुरू होतो त्याच्या निदान १० ठोके खाली राहायचं. पहिली दहा मिनिटं रमतगमत, हे चुकवायचं नाही, कारण बऱ्याच पेशंटना पहिल्या फेरीला दुखतं आणि थांबून परत चालल्यावर तेवढ्याच अंतराला दुखत नाही, वॉर्मअपने आडवाटा उघडतात हे त्यामागचं एक कारण मानतात. मग वीस-तीस मिनिटं अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, आठवड्यातून पाच दिवस. जेवल्यावर लगेच नाही, थंडीत पहाटे साडेपाचला तर अजिबात नाही, ऊन येऊ द्या. दुखलं तर थांबायचं, दामटायचं नाही, दुखणं अंगावर काढलं की कोलॅटरल्स जास्त तयार होतात असा गैरसमज आमच्या गल्लीत पण आहे, ते खरं नाही.

मिशरी आणि तंबाखू बंद. यावर चर्चा नको. इकोस्प्रिन, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायच्या नाहीत, कारण कोलॅटरल आडवाट देते, बाकीच्या नळ्यांत नवीन ब्लॉक होणं थांबवत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं असं आम्हाला सांगितलंय, तुमचा आकडा विचारून घ्या. आणि तो आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरचा काढा, जो प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी येतो, त्याने ब्लॉक उघडत नाही, पोटात आग तेवढी होते.

'नॅचरल बायपास'च्या जाहिराती

यावर जरा थांबतो कारण आमचे यात पैसे जाता जाता वाचले. ईईसीपी नावाचं मशीन असतं, पायांना आणि कंबरेखाली पट्टे बांधतात, हृदय सैल पडतं त्या क्षणाला पट्टे फुगतात आणि रक्त मागे हृदयाच्या नळ्यांकडे ढकललं जातं. रोज १ तास, ३५ सिटिंग, साधारण ७ आठवडे. उपचार बोगस नाही, १९९९ मध्ये छापून आलेल्या १३९ पेशंटच्या ट्रायलमध्ये खोट्या सिटिंगशी तुलना करून अँजायना कमी झालेला दिसला, आणि ज्यांना स्टेंट-बायपास शक्य नाही आणि गोळ्यांनीही भागत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर तो सुचवतात. खोटी आहे ती पाटी, "ब्लॉकेज साफ, ऑपरेशन नको". त्याने ब्लॉक साफ होत नाही. महाधमनीचा व्हॉल्व्ह जास्त गळत असेल, पोटातली महाधमनी फुगलेली असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, ठोके फार अनियमित असतील तर तो करायचाच नाही, आणि आम्ही गेलो त्या सेंटरवर यातलं एकही विचारलं नाही, सरळ पॅकेज सांगितलं.

"पण शेजारच्यांना बरं वाटलं" यावर एक जुनी गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत छातीतली मॅमरी आर्टरी बांधून टाकायचं एक ऑपरेशन जोरात होतं, कल्पना हीच की ती बांधली की रक्त कोलॅटरल्समधून हृदयाकडे वळेल. पेशंटना बरं वाटायचं, खरंच वाटायचं. मग १९५९ आणि १९६० मध्ये दोन डॉक्टरांच्या टीम्सनी काही पेशंटना नुसती चामडीवर चीर दिली आणि आतली नळी बांधलीच नाही, त्यांनाही तेवढंच बरं वाटलं. ऑपरेशन बंद पडलं. छातीतलं दुखणं कमी झालं म्हणजे रक्त वाढलं असं नसतं, म्हणून कुठलाही महागडा उपाय केला तर आधीची आणि नंतरची स्ट्रेस टेस्ट समोरासमोर ठेवून बघा.

कधी धावपळ करायची

चारी कितीही चांगली असो, हे लागू आहे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, बसल्या जागी धाप, यातलं काही झालं तर बसायचं, डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची (उभ्याने नाही, प्रेशर पडून माणूस कोसळतो, आणि आदल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर अजिबात नाही). पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून सोडा-लिंबू पीत अर्धी रात्र काढायची नाही. पूर्वी दोन किलोमीटरला दुखायचं ते आता दोनशे मीटरला दुखतंय किंवा झोपेत दुखतंय, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, दाता नळीचं काहीतरी बिनसलेलं असू शकतं.

आण्णांचं म्हणाल तर स्ट्रेस थॅलियममध्ये उजव्या नळीच्या भागात थोडाच तुटवडा निघाला, म्हणून तूर्त नळी उघडली नाही, गोळ्या आणि चालणं. दर सहा महिन्यांनी इको, वर्षाने परत स्ट्रेस टेस्ट. फाईलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "आरसीए जुनी बंद, पुरवठा एलएडीतून, एलएडीत ६० टक्के, एफएफआर ०.८५", कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत जो डॉक्टर असेल त्याला चाळीस पानं वाचायला वेळ नसतो. त्याच कागदाचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये आणि एक चिठ्ठी आण्णांच्या सदऱ्याच्या खिशात असते. मागच्या आठवड्यात ती सदऱ्यासकट धुतली गेली, तेव्हा तुम्ही लॅमिनेशन करून घ्या, वीस रुपये लागतात.